केस

तुमचं काम? बाईंनी विचारलं.
मासळीबाजारात वजन करतो, पीटरहेड बंदरात.
एकतीस वर्षं.
काटा माझा, वही माझी,
पहाटे चारची थंडीही माझीच.

अर्जदाराला कधीपासून ओळखता?
इनिस स्ट्रॅकनला?
तो पहिल्यांदा दारातून आत आला
आणि मी म्हणालो, 'दिवा कुणी चालू ठेवला रे?'
त्या सकाळपासून.
(सगळे हसले होते. विनोद वाईट नव्हता, सांगून ठेवतो.)

मग गाजर झालं, गंज झाला, आगपेटी झाली.
नाताळात कुणीतरी त्याच्या खुंटीला
आग विझवायची बादली टांगली, रिबन बांधून.
उन्हाळ्यात, आमच्याकडे तो नऊ दिवसांचा असतो,
'सावलीत ये बाबा, भाजशील.'
इनिस हसायचा.
लिहून घ्या, इनिस हसायचा,
कधी कधी आमच्याही आधी,
धक्का बसायच्या आत
दार आतूनच उघडावं, तसा.
म्हणजे निदान कडी तुटत नाही.

हे शेवटचं मी तिथे बोललो नाही.
परतताना बसमध्ये सुचलं.

कंपनीचा वकील उभा राहिला:
कायद्याच्या यादीत वर्ण आहे, धर्म आहे, वय आहे,
केसांचा रंग नाही.
शिवाय इतक्या वर्षांत अर्जदाराच्या
केसालाही कुणी धक्का लावलेला नाही.
बोलून गेल्यावर त्याला कळलं, आपण काय बोललो.
कुणी हसलं नाही.
मी जरासा. खोकल्यासारखं केलं.

बाहेर कॉफीच्या मशीनपाशी क्वेकू आन्सा.
घानाचा. बारा वर्षं आमच्या बोटींवर जाळी ओढतोय.
म्हणाला, 'फोनवर माझा आवाज ऐकला
की रिकामी खोली भरलेली होते.
इनिसला कुणी दारातून परत पाठवलंय?
एकाच तागडीत घालू नका आम्हाला.'
नाणं अडकलं होतं. त्यानं मशीनला एक गुद्दा दिला.
मग कप हातात धरून, न पिता,
'त्याची मुलगी माझ्या मुलीच्या वर्गात आहे.
मागच्या महिन्यात तिनं कात्रीनं
स्वतःच्या भुवया कापल्या.
आठ वर्षांची आहे.'

मग हे काय म्हणायचं? मी विचारलं.
'मला काय विचारतोस,
वजन तू करतोस.'

माझा काटा पन्नास ग्रॅमच्या खालचं दाखवत नाही.
त्यावर एक केस ठेवा: शून्य.
दहा ठेवा: शून्य.
हा दोष काट्याचा की केसांचा
हे एकतीस वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं.

निकाल टपालानं आला.
वागणूक अशोभनीय. भेदभाव सिद्ध होत नाही.
दारूच्या गुत्त्यात एकजण म्हणाला, 'चार केसांपायी केस!'
आणि पेला वर केला.
मी माझा उचलला की नाही, आठवत नाही.
उचलला असेन.

इनिस सोमवारी कामावर आला,
कानांवर ओढलेली लोकरी टोपी, जुलैमध्ये.
आता त्याला कुणी काही म्हणत नाही.
'आज वारा आहे' एवढंही नाही.
तो पेट्या लावतो, आम्ही बर्फाकडे बघतो.

काल एका बोटीतून लालभडक माशांची पेटी उतरली,
शेपटीपासून कल्ल्यांपर्यंत पेटलेली.
माझ्या जिभेवर तो आला.
आपोआप. ओठांच्या आत थांबवला.
इनिसनं पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
त्याला ठाऊक होता.
सगळ्यांनाच ठाऊक होता.
बर्फ तडकल्याचा आवाज आला.

मग त्यानंच तो केला.
'काय रे मिल्न,' म्हणाला,
'माझे पाहुणे आलेत, मोजून घे.'

कुणी हसावं की हसू नये.
क्वेकूनं दोर गुंडाळायला घेतला,
जो आधीच गुंडाळलेला होता.

बावीस किलो चारशे, मी म्हणालो.
आणि लिहिलं.