शेरा

साहेब आले ते मोजपट्टी घेऊनच.
मालवणहून रिक्षाने, बुटांत वाळू,
हातात चार पानी तक्ता :
निवास व न्याहारी, मु. तोंडवळी,
मालक शेवंती दिगंबर खोबरेकर, खोल्या दोन.

चादरी नव्या होत्या, पांढऱ्या,
घड्यांच्या रेघा तशाच.
पांढरीच हवी, हे ज्याने नियमात लिहिलं
त्याने कधी चादर धुतली नसावी.

अग्निशामक? आहे.
कसा चालवायचा?
मी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी त्या लाल नळकांड्याकडे.
मग बरोबरची खूण केली.

पाण्याचा दाखला. पोलीस ठाण्यातली नोंद.
आरसा, बादली, डासांची जाळी.
खिडकीतून काय दिसते?
तिथे ते जरा थांबले,
आणि लिहिलं : समुद्र.

दुसऱ्या खोलीत पट्टी भिंतीपाशी जाऊन वाकली.
“ही भिंत तिरकी का?”
पलीकडे उंडी आहे, साहेब.
पाया खणताना मूळ लागलं.
ह्यांचा बाप होड्या बांधायचा उंडीच्या,
ह्यांनी कुदळ ठेवली आणि दोरी आत घेतली.
“दीड फूट कमी. नियमात बसत नाही.”
झाड नियमाआधीचं आहे, म्हणायचं होतं.
मी म्हटलं, घावणे टाकू?

तीन खाल्ले, नारळाच्या रसात बुडवून.
न्याहारीच्या रकान्यात लिहिलं : समाधानकारक.
पहाटे चारला तांदूळ वाटले होते मी.

रात्री मुलगा फोनवर वाचून दाखवतो
पाहुण्यांनी काय लिहिलंय ते.
एकाला बांगडा आवडला, माणसं आवडली,
तारे तीनच. कारण, पाल.
एकीने लिहिलं, समुद्राचा आवाज रात्रभर बंद होत नाही.
“आये, उत्तर लिवूक होया. नम्रपणान.”
लिव, म्हटलं. सांगान बघतंय त्येका.

माझीही एक वही आहे, हळदीच्या डब्याखाली.
सांगलीचे चौघे : पंखा चालू ठेवून गेले.
नाशिकचं जोडपं : भांडत आलं,
तिसऱ्या दिवशी एका ताटात जेवलं.
कोल्हापूरचे एक म्हातारे गृहस्थ :
खोली दोघांची ठरवलेली, आले एकटे.
दुसरं ताट मांडू नका, असं म्हणाले नाहीत.
मी मांडलं.
तारे काढायला जागा नाही त्या वहीत.

पंधरवड्याने कागद आला.
खोली क्रमांक एक, मान्य.
क्रमांक दोन, त्रुटी.
शेरा : भिंत सरळ करून कळवावे.

ह्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला,
घडी करून खिशात घातला,
आणि बादली घेऊन मागे गेले, उंडीच्या बिया वेचायला.
बऱ्याच वेळाने तिथूनच ओरडले :
“दीड कसलो गो?
आता मापल्यार दोन भरतले.”