तिकिटाच्या टेबलावरून

तीस रुपये तिकीट. पैशांना बिस्किटांचा डबा.
विडी घरकुलातल्या अभ्यासिकेला
दोन पंखे, दहावीचे संच,
म्हणून आज चार शाळांचे बँड भांडतायत.

आमची ड्रमर अंबिका गुंडेटी.
परीक्षक म्हणाले, "ताल जरा पळतो."
पळणारच.
पाळण्यातनं तिनं ऐकलाय
भिंतीपलीकडचा माग,
खटक्-खट, खटक्-खट,
धागा तुटला तरच थांबणारा.

तिसरे आलो. चारात.

तिचे वडील पाळी सोडून आलेले,
केसांत सुताचा भुगा, दाराशीच उभे.
"आत बसा की, काका."
"बसलं की झोप लागतंय."
शंभराची नोट दिली,
सुटे घेतले नाहीत.
"आमचा तीन नंबरचा माग बी
असाच पळतंय," म्हणाले,
आणि गेले.

नोटेला मशीनच्या तेलाचा वास.
रात्री हिशेब
दोनदा चुकला माझा.