यंदाचा हंगाम

सहकारी दुकानाच्या दारावर
हरवलेल्या मेंढ्याच्या चिठ्ठीला खेटून
आमचा कागद लागलाय. चार टाचण्यांतल्या दोन त्या चिठ्ठीच्याच.
ऑक्टोबर: बिशपची बकरी. विनोदी. मध्यंतरात कॉफी.
फेब्रुवारी: लग्नानंतरचा सोमवार. दोन अंकी.
एप्रिल: पुढे एक रेघ,
रेघेवर काहीच नाही.

मी प्रॉम्प्टर. बावीस वर्षं
रंगमंचाखालच्या खोबणीत बसून
माणसांपेक्षा त्यांचे बूट जास्त ओळखीचे झालेत.
केटिलचा उजवा तळ झिजका; तो न्यायाधीश असला की
त्याच पायावर भार देऊन निकाल लांबवतो.

मासळीचा कारखाना बंद पडला तसे
आठ नट रेक्याविकला गेले, एक थेट नॉर्वेला.
बकरीच्या नाटकात पात्रं अकरा. उरलो सात.
स्टेनवरने पेन्सिल घेतली
आणि पाद्री न् चोर एकाच माणसात बसवले.
"फार काही बदललं नाही," केटिल म्हणाला.
आमच्या पाद्रीणबाई हसल्या, मग आम्हीही हसलो.
बकरी मात्र खरी आहे. तिला संवाद नाहीत,
तरी तालमीला वेळेवर येणारी तीच एक.

अडलं ते सोमवारापाशी.
त्यात फक्त नवरा-बायको, तिसरं कुणी नाही,
आणि अख्ख्या फियोर्डात त्या वयाची माणसं दोनच:
ओड्नी आणि थोरगिल्स,
ज्यांचा घटस्फोट तेरा ऑगस्टला झाला.

सभेत जो तो आपापल्या कपात बघत राहिला.
शेवटी ओड्नी म्हणाली,
"मला चालेल. त्याचं पाठांतर कच्चं आहे, तेवढं सांगा त्याला."
थोरगिल्स समोरच बसला होता.
"सांगा तिला," तो म्हणाला, "ऐकलं म्हणावं."

नेपथ्याला पलंग हवा होता.
ओड्नीने घरातला दिला, एकटीला तो मोठाच पडत होता.
चौघांनी बर्फातून ढकलत आणला.
एक पाय आखूड. सगळे पुठ्ठा शोधायला लागले
तोवर थोरगिल्सने खिशातून लाकडाची चकती काढली
आणि न बघता खाली सरकवली.
ती खिशात कशी, हे कुणी विचारलं नाही.

नोव्हेंबरच्या मध्यावर सूर्य डोंगरामागे जातो
तो जानेवारीच्या शेवटी परततो.
विजेचं बिल मंडळाच्या डोक्यावर,
म्हणून तालीम एका बल्बाखाली.
दुसरा अंक, पान एकेचाळीस.
ती: "आज किती थंडी आहे, नाही?"
तो: "तू असताना नाही."
असं लिहिलंय. फार बरं लिहिलेलं नाही.

ती बोलली.
थोरगिल्स गप्प.
मी मोजत होतो. तिनाला वाक्य पुरवायचं,
हा माझ्या धंद्याचा नियम.
चार झाले. पाच झाले.
वाक्य जिभेवर होतं, तिथेच धरून ठेवलं.

मग वरून आलं:
"खिडकीची कडी अजून बसवली नाहीस ना?"
"नाही. कागद खोचलाय."
"उद्या येतो."
"परवा ये. उद्या लोकर उतरवायचीय."

संहितेत यातलं अक्षरही नाही.
स्टेनवर जरा थांबली, घसा खाकरला,
म्हणाली, पुढचं पान घ्या.
मी समासात बारीक लिहिलं: कडी.
मग खोडलं. मग पुन्हा लिहिलं.
फेब्रुवारीत ती दोघं पाचाव्या मोजाला गप्प राहिली
तर मी काय पुरवायचं,
अजून ठरत नाही.

एप्रिलच्या रेघेखाली कुणीतरी
बॉलपेनने लिहून गेलंय: नाटक सुचवा.
त्याखाली एका पोराचं अक्षर: डायनोसॉर.
स्टेनवर ते गांभीर्याने घेतेय.
माणसं सात, शिवाय बकरी. जमेल म्हणते.

मेंढा काल सापडला.
मालक आपली चिठ्ठी काढून घेऊन गेला,
स्वतःच्या दोन टाचण्यांसकट.
आमचा कागद आता तिरका लोंबतो,
वाचायचा तर मान कलती करावी लागते.
पाव घ्यायला आलेले लोक
दारात थांबून करतात.