बाराव्या महिन्याची नोंद

गुडघा मला आधी कोनात भेटतो,
मग माणसात.

रुवीतलं क्लिनिक, तिसरा मजला,
काचेबाहेर सेहेचाळीस अंश, आत बावीस,
आणि टेबलावर उताणा
सहभागी क्रमांक एकोणतीस :
वय एकतीस, उजवा पाय,
वादी कबीरच्या गॅरेजात वेल्डर,
शुक्रवारी वाळूत व्हॉलीबॉल.
उडी मारून खाली येताना गुडघा आत वळला,
आवाज आला, म्हणाला,
भाजलेला पापड मोडावा तसा.
पापड कुठे लिहू?
रकाना एवढंच विचारतो : आवाज आला / नाही आला.

आमचा प्रश्न सोपा होता, निदान प्रस्तावात :
अस्थिबंध तुटल्यावर, सुरी न लावता,
नुसत्या व्यायामाने किती जण पुन्हा उडी मारतात?
साठ माणसं, चार भेटी, बारा महिने.
संमतीपत्र पाच भाषांत छापलं.
मल्याळममधलं वाचून रेजीमोन हसला.
"यात लिहिलंय, कधीही सोडून जाऊ शकता,
कारण न सांगता.
या देशात मला हे कुणीतरी पहिल्यांदाच लिहून दिलं."
आणि सही केली, राहण्यासाठी.

तिसरा महिना : वाकणं एकशे बारा.
सहावा : एकशे अठ्ठावीस.
मग कॉरिडॉरमध्ये खडूची रेघ,
एका पायावर उडी :
डावा एकशे बाहत्तर सेंटिमीटर,
उजवा एकशे एक्केचाळीस.
ब्याऐंशी टक्के, मी सांगितलं.
"पुढच्या वेळी नव्वद,"
सुरमईचा भाव ठरवावा तसं तो म्हणाला.

नववा महिना :
फोन बंद.
गॅरेजला कुलूप, शटरवर दुसऱ्याच कुणाची पाटी.
शेजारचा टायरवाला म्हणाला, कंपनी बसली,
सगळे एका आठवड्यात गेले.

आयमन, आमचा संख्याशास्त्रज्ञ,
चांगला माणूस, चहात चार चमचे साखर,
म्हणाला, यदृच्छेने गहाळ धरू.
बाकीच्यांच्या गुडघ्यांवरून त्याचा गुडघा बांधता येतो,
वीस वेळा बांधायचा
आणि वीस उत्तरं एकत्र करायची.
मी म्हटलं, आयमन, सोळा गेलेत,
त्यातले चौदा व्हिसा संपून.
याला यदृच्छा म्हणायचं?
तो बराच वेळ चहा ढवळत राहिला.
डॉ. अझ्झा म्हणाल्या, मर्यादांच्या परिच्छेदात एक वाक्य घाला.
एक वाक्य घातलं.

काल अनोळखी नंबरावरून फोटो आला.
लाल मातीचं अंगण, फणस चिरायला
उकिडवा बसलेला क्रमांक एकोणतीस,
हात कोपरापर्यंत तेलाने चकचकीत,
टाचा जमिनीला टेकलेल्या.

मी दार लावून घेतलं.
पारदर्शक कोनमापक फोनच्या काचेवर ठेवला,
मध्य गुडघ्यावर, एक भुजा मांडीवरून,
दुसरी घोट्याकडे.
एकशे बेचाळीस.
पुन्हा मोजलं. एकशे बेचाळीस.
मला माहीत आहे : रुग्ण उताणा हवा,
मोजणाऱ्याला तो कोण हे माहीत नको,
आणि फणस तर पद्धतीत कुठेच नाही.

खाली त्याने लिहिलं होतं :
"दिवसभर शिडीवर असतो, छपरं वेल्ड करतो.
उडी अजून मारलेली नाही.
तुमची ती रेघ, तिच्यापासून माझं अंतर किती होतं?"

वर्षभर आकडे त्याच्याकडून इकडे येत होते.
उलटा कुणी मागितला नव्हता.

मी लिहिलं : एकशे एक्केचाळीस.
नव्वद टक्के हवे असतील, तर एकशे पंचावन्न.
अंगणात नको मारू, वाळू बघ.

संध्याकाळी सगळे गेले.
कॉरिडॉर पुसून घेतलेला, रेघ नाही.
खडू शोधला, नवी काढली,
चपला बाजूला ठेवल्या,
आणि उजव्या पायावर, बंद दारांसमोर,
चव्वेचाळिसाव्या वर्षी
उडी मारली.

सत्त्याऐंशी.
दोन्ही गुडघे शाबूत.