कोणालाही न विचारता

फोंड्याच्या बसस्थानकावर सकाळी साडेसातला
खांबांना पुठ्ठ्याचे बाण चिकटवले.
पक्के नव्हेत. आधी चाचणी, मग पत्रा,
कारण पत्रा महाग,
आणि पत्र्यावरची चूक वीस वर्षं टिकते.

हातात घड्याळ, फळीला लावलेला तक्ता:
कुठे थांबले. किती सेकंद. मागे वळले का.
आणि दहा जणांना द्यायची एकच चिठ्ठी,
सावईवेऱ्याची बस शोधा,
कोणालाही न विचारता.

पिएदाद कुलासो, वय एकसष्ट, राहणार बोरी,
पिशवीतून सुंगटांचं पाणी ठिबकतंय,
चिठ्ठी दोनदा ऐकून म्हणाली,
"न विचारता? कित्याक?
माझं काय सगळ्यांशी भांडण झालंय?"
तरी निघाली, माझ्या समाधानासाठी.
पहिल्या खांबावर वर जाणारा बाण.
तिने छताकडे पाहिलं.
तिथे कबुतरं होती.
मी लिहिलं: अकरा सेकंद, छत.

वर म्हणजे सरळ, हे मला कधी कोणी शिकवलं
ते आठवत नाही.
तिला शिकवलेलं नाही, एवढंच.

मग ती थेट पुतूकडे.
नऊ जणांपैकी सात जण तसेच.
नकाशावर मी त्यांची टिंबं जोडली
तर सगळ्या रेषा चणेकाराच्या टोपलीशी,
आणि पुतू धड बोलतही नाही,
हनुवटी उचलतो, एवढीशी,
कोणाला त्यात शिरोडा मिळतो, कोणाला म्हार्दोळ,
हात चण्यांतच.

दुपारी त्याला विनंती केली,
तासभर जरा नजरेआड बसाल का, चाचणीसाठी.
टोपली उचलून तो रिक्षांच्या मागे गेला.
माणसं रिक्षांच्या मागे गेली.
एकाने तर मलाच विचारलं, पुतू खंय?
त्याच्यासाठी माझ्याकडे बाण नव्हता.

दहावा संगाप्पा.
विजापूरकडचा, कुंडईच्या कारखान्यात आठवडाभर झालेला.
चिठ्ठी मी हिंदीत सांगितली,
ती दोघांचीही मोडकी.
"न विचारता" ला तो हसला नाही.
देवनागरी त्याला येत नाही, रोमी अर्धीमुर्धी,
पण पाटीच्या कोपऱ्यात मी इंग्रजी सात घातला होता,
नखाएवढा, जागा उरली म्हणून.
त्याने तेवढाच धरला.
खांब, वळण, पाणपोई, खांब,
प्रत्येक ठिकाणी वाकून सात.
एक मिनिट दहा सेकंद.
पुतू तोवर जागेवर परतला होता;
त्याच्याकडे मान वळलीही नाही.
नंतर म्हणाला, विचारलं की लोक सांगतात, मॅडम.
पण आधी माझं बोलणं
दोनदा म्हणून घेतात,
मग शेजारचेही ऐकतात.

संध्याकाळी तक्ता पुरा केला.
वरचा बाण रद्द. सात हातभर मोठा.
शेवटच्या रकान्यात लिहिलं,
आठ वाजता पुतू घरी जातो,
तेव्हा पाटीवर दिवा हवा.
कार्यालयात ही ओळ कोणाला कळायची नाही.
ठेवली.

निघताना चणे घेतले, दहा रुपयांचे.
पुडी माझ्याच कागदाची,
पहिल्या खेपेच्या बाद बाणांची,
कचऱ्याच्या डब्यातून त्याने गठ्ठाच उचलला होता.
"जाड आसा कागद, बरो," म्हणाला,
दिवसभरात माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.
गुंडाळल्यावर बाण गिरकी घेत
खाली जातो, तळाशी,
जिथे मीठ आणि सालं साठतात.
मी चौथ्या फलाटावर उभी राहून
बोटाने तोच रस्ता धरला.