निळा पंप

सहाशे बारा चिठ्ठ्या.
बाह्यरुग्ण विभाग, तीन महिने, फक्त छातीच्या.
कोणी कोणाला काय लिहून दिलं
एवढंच मोजायचं होतं.
मी रकाने आखले: वय, निदान, निळा पंप, तपकिरी, जांभळा, गोळ्या,
शेवटी ‘इतर’,
कारण इतर असतंच.

सोहारमधला जून. औषधाच्या खिडकीची काच
आतून गार, बाहेरून तवा.
तिच्यातून हात येतात, त्यांत चिठ्ठ्या.
पहिल्या शंभरातच कळलं, निळा सगळ्यांना.
निळा तेवढ्यापुरता, अडलेलं दार खांद्यानं ढकलणारा.
तपकिरी रोजचा, आतली सूज उतरवत राहतो,
गुण दिसत नाही म्हणून कोणी मागत नाही
आणि न मागितलेलं लिहायला
डॉक्टर मुअतसिमना सवड नाही.
त्यांचं अक्षर दुपारी एकनंतर
स्वतःच धापा टाकतं.
जांभळ्यात दोन्ही औषधं. तो महाग.
त्याच्या चिठ्ठीला बहुतेकदा
विम्याचं चांगलं कार्ड टाचलेलं.

सालमा बिन्त खल्फान, वय चौसष्ट, जांभळा.
संध्याकाळी घरभर लोबान फिरवते, मग पंप ओढते.
हा क्रम तिनं ठरवलाय, डॉक्टरांनी नाही.
मी धुराबद्दल बोलले तर म्हणाली,
मुली, घराला वास नको का?
याला माझ्याकडे रकाना नव्हता.

आणि इब्राहिम सरखोत. म्हसळ्याचा. बंदरावर गंज खरवडतो.
चिठ्ठी दोनशे नऊ, निळा.
दोनशे अठ्ठ्याऐंशी, निळा.
तीनशे चौऱ्याहत्तर. पाचशे एक.
पंधरा-पंधरा दिवसांत दोनशे फवारे!
मी लाल पेनानं लिहिलं: अतिवापर.
पुढच्या खेपेला त्याला थांबवलं,
आपल्या भाषेत विचारलं, तसा तो जवळ आला,
काचेला कपाळ टेकवून म्हणाला,
खोलीत सहा जण, बाई. तिघांना दम लागतो.
कार्ड माझंच चालतं.

एका नावावर तीन छात्या.
अतिवापर खोडलं. तीननं भागलं.
भागाकार बरोबर आला,
म्हणजे प्रत्येकाला कमीच पडत होता.

डॉक्टरांकडून तपकिरी लिहवून घेतला, एकच मिळाला.
मग दाखवलं: आधी सगळा श्वास सोडा,
ओठ मिटा, दाबा, आणि दमानं घ्या.
तो हसला.
मुकादमाला सांगाल का हे,
दमानं घ्या म्हणून?

अहवाल गेला. निळा इतके टक्के, तपकिरी तितके.
वरून एकच शेरा आला:
‘इतर’ एवढं मोठं का? कमी करावं.

गुरुवारी सरखोत पिशवी घेऊन आला.
रिकामे निळे पंप, अकरा.
फेकायचे नसतात ना कुठंही, म्हणाला.
एक हलवून कानाशी धरला, आत काही वाजलं.
मी सांगितलं, दोनशेनंतरही फुस्स होतं,
तो नुसता वायू. औषध संपलेलं असतं.
माहीत आहे, म्हणाला,
आणि अकरातला एक परत खिशात टाकला.
रात्री आवाज ऐकला
की धाकटा झोपतो.