गठ्ठ्यामागे चाळीस रुपये

कायतानबाब, या महिन्याच्या बिलात
गवताच्या ओळीवर तुम्ही दोनदा पेन फिरवलंय.
आधीचा आकडा खाली अजून दिसतो,
बुजवलेल्या दारासारखा.

गठ्ठ्यामागे चाळीस रुपये जास्त.
चोर्ल्याचा घाट खचला, म्हणालात,
ट्रक अनमोडावरून आला,
डिझेल, हमाली, चेकनाक्यावरचा चहा.
मी ऐकून घेतलं.
म्हापशाच्या उपनिबंधक कचेरीत
दिवसभर मी दुसऱ्यांचे करार तपासते,
आणि माझी घोडी तीन वर्षं तुमच्या दारात
नुसत्या शब्दावर उभी आहे.

पण मोगरी ढासतेय, बाब.
पहाटे निंगप्पा पाणी दाखवतो तेव्हा,
मान लांब करून, कोरडं,
आतल्या खोलीत कुणी जड खुर्ची ओढावी तसं.
गव्हाणीत वरचं वरचं चिवडते,
खालचं सोडते.
तुम्ही म्हणता, नखरे. रेसची घोडी, पुण्याची सवय.

म्हणून शनिवारी मी शेवंतीकडून
मासळीचा काटा मागून आणला,
इसवणाचे खवले चिकटलेला,
आणि तुमच्या फणसाला टांगला.
तुमचा पंधरा किलोचा गठ्ठा
भरला साडेसोळा.
केवढे खुललात तुम्ही!
"पळय बाय, दीड किलो फुकट!"

मी सुतळी कापली.
मधोमध हात घातला तर गवत कोमट,
तापाच्या पोराच्या काखेसारखं,
आणि उडाली ती धूळ राखाडी.
उन्हात दोन दिवस पसरला तोच गठ्ठा,
निंगप्पा साक्षीला:
बारा.

"बाब, तुम्ही मला हळदोण्याची हवा विकताय
बेळगावच्या भावानं."

"मग घोडी घेवन वच."

घेऊन कुठे जाऊ?
तिसऱ्या मजल्यावर राहते मी,
खाली स्कूटरला जागा मिळत नाही.
हा खरा दर, जो बिलावर लिहिलेला नसतो,
आणि तो आपल्या दोघांना पाठ आहे.

रागाच्या भरात मूठभर गवत
मी तुमच्या नाकाखाली धरलं.
हुंगा.
हुंगलंत. खोल, डोळे मिटून,
मिसेला उभं राहावं तसं.
कुबट वासानं माझे डोळे चुरचुरत होते
आणि तुमच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

मग तुम्ही निंगप्पाला चहा आणायला पाठवलंत.
तो विहिरीपलीकडे गेल्यावर म्हणालात,
"त्या तापात गेला. दोन वर्षं झाली.
चोरिसाचा वास नाही, फेणीचा नाही,
घोड्याचाही नाही.
तबेलेवाल्याला नाक नाही कळलं
तर कोण ठेवील जनावर?"

मी विरघळले नाही, हे लिहून ठेवते.
मोगरीला फुफ्फुसं दोनच आहेत.
अकरा गठ्ठे परत गेले,
उरलेले भिजवून, निथळून घालायचे ठरलं,
दरवाढ अर्धी तुमची, अर्धी माझी.
त्या अर्ध्यावरसुद्धा आपण वीस मिनिटं भांडलो,
आणि खरं सांगते, बरं वाटलं.

आता बुधवारी ट्रक येतो तेव्हा
मी अर्धी रजा टाकते.
ड्रायव्हर कानडीत काहीतरी पुटपुटतो.
मी प्रत्येक गठ्ठ्याच्या पोटात नाक खुपसते:
हा घ्या. हा घ्या. हा नको.
तुम्ही शेजारी वही धरून,
उगाच तुम्हीही हुंगता,
लोकांनी बघावं म्हणून.

काल नवं बिल आलं.
गवताच्या ओळीपुढे तुमच्या वाकड्या रोमी अक्षरात
एकच शब्द: हुंगलें.
आणि त्याच्या बाजूला, पेन एकदाच फिरवून,
वीस नव्हे,
तेच चाळीस.

शेवंतीला निरोप धाडलाय.
शनिवारी काटा लागेल.